आडवाटेवर मोटारसायकलचे ऑइल लवकर का थकते

दगडधोंड्यांच्या चढावर मोटारसायकल पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर चालवली, तर किलोमीटरच्या काट्यावर जेमतेम पंधरा किलोमीटर पडतात. त्या तासात इंजिन मिनिटाला सरासरी ५००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, ३ लाख फेरे होऊन गेलेले असतात. डांबरी रस्त्यावर तेवढ्याच फेऱ्यांत ती गाडी सहज साठ किलोमीटर गेली असती. त्यामुळे किलोमीटर मोजून ऑइल बदलण्याचा हिशेब आडवाटेवर फसतो. स्पर्धेच्या गाड्यांवर तास मोजणारा छोटा मीटर लावलेला असतो आणि त्यांच्या माहितीपुस्तिकेत ऑइल बदलण्याची मुदत तासांत दिलेली असते ती याच कारणाने. नेहमीच्या वापराच्या गाडीवरही आडवाटेचे तास वेगळे लिहून ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फेऱ्यांची संख्या हे मात्र अर्धेच कारण झाले. मोटारीत इंजिनाचे ऑइल निराळे, गिअरबॉक्सचे निराळे आणि बहुतेक वेळा क्लच कोरडा असतो. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच यांना मिळून लिटर-सव्वा लिटर एकच ऑइल पुरवून वापरावे लागते, आणि या तिघांच्या गरजा एकमेकींशी जुळत नाहीत. पिस्टनला शक्य तितका गुळगुळीतपणा हवा असतो. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या प्लेटांना एकमेकींना घट्ट धरायचे असते, म्हणजे त्यांना घर्षण हवे असते. घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले मोटारीचे ऑइल मोटारसायकलमध्ये ओतले, तर चढावर इंजिन ओरडते आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, म्हणजेच क्लच स्लिप होतो. या अडचणीवर जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलच्या ऑइलसाठी ‘जासो’ मानक आले. डब्यावरील ‘एमए’ किंवा ‘एमए२’ ही अक्षरे हे ऑइल ओल्या क्लचला चालते असे सांगतात, तर ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल मुख्यतः स्कूटरसारख्या, इंजिनाच्या ऑइलमध्ये क्लच नसलेल्या गाड्यांसाठी असते.

गिअरची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ‘१०डब्ल्यू-४०’ यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा आणि दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा निर्देशक असतो. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळीचे रेणू मिसळलेले असतात. थंड असताना ते गुंडाळलेले असतात आणि ऑइल तापले की पसरून त्याचा दाटपणा राखतात. गिअरचे दात एकमेकांत बसतात तेव्हा त्या चिंचोळ्या जागेत हे रेणू अक्षरशः तुटतात, आणि तुटलेले रेणू पुन्हा जुळत नाहीत. अशा रीतीने ४० दर्जाचे ऑइल हळूहळू ३०च्या आसपास घसरते. चालवणाऱ्याला याची चाहूल पायाला लागते: गिअर टाकताना तो अडखळू लागतो, दोन गिअरच्या मध्येच खोटा न्यूट्रल सापडू लागतो. त्यात अर्धा क्लच दाबून चढाव चढताना प्लेटांची उष्णता थेट ऑइलमध्ये उतरते आणि वेग कमी असल्याने इंजिनाला वारा मिळत नाही. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइलच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा अभियंत्यांचा ठोकताळा येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे.

ऑइल नेमके काय करते, हे एका जुन्या प्रयोगात फार सुंदर दिसले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी ऑइल सोडण्यासाठी भोक पाडले, तर आस फिरू लागताच ऑइल त्या भोकातून उलट वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. फिरणारा आस ऑइलला पाचरीसारखा आत ओढतो आणि त्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने मांडले. इंजिनातील बेअरिंगे आजही याच पाचरीवर तरंगतात, आणि तो थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ.

धुळीचे भय येथेच आहे. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्झच्या कठीणतेच्या मापावर क्वार्ट्झ ७व्या क्रमांकावर बसतो. थराच्या जाडीएवढा एक कण आत शिरला की तो दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी ओरखडतो. हा कण बहुधा हवेच्या वाटेने येतो, म्हणून ऑइलची काळजी एअर फिल्टरपासून सुरू होते, असे मी मानतो. फोमच्या फिल्टरला त्याचे चिकट ऑइल सगळीकडे सारखे लागले पाहिजे आणि त्याची कड खोबणीत नीट बसली पाहिजे. फिल्टर काढल्यावर मागच्या नळीत स्वच्छ बोट फिरवून पाहावे. बोटाला कचकच लागली, तर धूळ फिल्टरला वळसा घालून इंजिनापर्यंत पोहोचलेली आहे.

पाणी याहून गुपचूप येते. ओढ्यात तापलेले इंजिन अचानक थंड झाले की आतली हवा आकसते, आणि व्हेंटची, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारी, नळी पाण्याखाली असेल तर तिच्यातून पाणी ओढले जाते. अशा एका ओढ्यानंतर माझ्या गाडीच्या इंजिनावरील छोट्या काचेतून दिसणारे ऑइल दुधाळ, फिकट तपकिरी झालेले मी पाहिले आहे. अशा ऑइलवर एक मीटरही गाडी पुढे नेऊ नये, कारण पाण्याचा थेंब बेअरिंगचा भार पेलत नाही. पाण्यात न जाताही ऑइल दुधाळ झाले, तर वॉटर पंपाच्या सीलकडे संशयाने पाहावे.

काळे ऑइल मात्र वाईटच असते असे नाही. काजळी आणि क्लचची भुकटी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. अधिक खरी माहिती ड्रेन प्लगच्या, म्हणजे ऑइल काढण्याच्या बुचाच्या, चुंबकावर मिळते. तेथील राखाडी मऊ लेप नेहमीचा असतो, पण बोटाला टोचणारी कपची म्हणजे गिअरचा दात किंवा बेअरिंग फुटू लागल्याची खूण असते. ॲल्युमिनियम आणि पितळ चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून काढलेले ऑइल उन्हात धरून त्यात चमक दिसते का, तेही पाहावे.

आता चेनकडे वळतो, कारण तिच्या चुकीच्या ताणानेही ऑइल गळू लागते. चेन लांबते म्हणजे तिचे पोलाद ताणले जाते, हा समज चुकीचा आहे. सांध्यांतील पिना आणि बुश झिजतात. ११४ कड्यांच्या चेनच्या प्रत्येक सांध्यात ०.१ मिलिमीटर झीज झाली, तरी एकूण लांबी ११ मिलिमीटरांहून अधिक वाढते. मग ती स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, दातांवर नीट बसत नाही आणि दात आकड्यासारखे वाकडे झिजतात. चिखलानंतर चेन मऊ ब्रशने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने सांध्यांतील रबरी कड्यांच्या आत पाणी शिरते आणि तिथले कारखान्यात भरलेले ग्रीस निघून जाते.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र चेन घट्ट करण्याची आहे. आडवाटेच्या गाड्यांच्या मागच्या चाकाचा सस्पेन्शनचा पल्ला ३०० मिलिमीटरच्या आसपास असू शकतो, आणि पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ व मागचा आस एका रेषेत येतात त्या क्षणी चेन सर्वाधिक ताणली जाते. स्टँडवर ढिली वाटणारी चेन नेमकी म्हणूनच ढिली ठेवलेली असते. ती आवळली, तर प्रत्येक उडीनंतर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचे बेअरिंग खेचले जाते, शाफ्ट किंचित हलू लागतो आणि त्याचे ऑइल सील गळू लागते. लिटरभर ऑइलच्या इंजिनातून २०० मिलिलिटर गेले, तर पाचवा हिस्सा गेला. गाडी धुण्यापूर्वी पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण काढून मागे पाहावे: बाकीचा चिखल वाळलेला असताना तेवढाच भाग ओला आणि काळा असेल, तर ऑइल तिथून जात आहे.