किरायाची खोली घेताय? करारनामा नोंदवूनच घ्या

बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्या आपल्या गावाकडच्या पोरांना पहिली गरज लागते ती खोलीची. खोली मिळते, दहा हजार डिपॉझिट रोख दिलं जातं आणि कागद कसलाच होत नाही. माझ्या भाच्याचं असंच झालं. खोली सोडताना डिपॉझिटमधून कूलरचं बिल, रंगाचे पैसे असं काहीबाही कापलं गेलं, आणि पैसे दिल्याचा एक चिठोराही त्याच्याजवळ नव्हता. म्हणून हे लिहितोय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे घर किरायाने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. स्टँप पेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली, हा समज घरोघरी आहे आणि तो चूक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत किरायेदार जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. घरमालक टाळाटाळ करत असेल तर त्याला हे शांतपणे सांगा. त्याचाही फायदा आहे: मुदत संपूनही खोली रिकामी केली नाही तर कलम 24 खाली त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं.

करार कोण करून देऊ शकतो? घराचा मालक, किंवा त्याचा कुलमुखत्यार, म्हणजे मालकाने आपल्या वतीने सही करायचा लेखी अधिकार दिलेला माणूस. आपल्याकडे अडतं ते इथंच. घर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं आणि किराया घेतो थोरला काका. अशा वेळी आधी वारसनोंद करायला सांगा, नाहीतर सगळ्या वारसांना करारात घ्या. मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा मालमत्ता पत्रक मागा. गावठाणातल्या पुष्कळ घरांना आता स्वामित्व योजनेतून पत्रक मिळालं आहे. सोबत चालू घरटॅक्सची पावती आणि वीजबिल बघून घ्या.

बाकी कागद थोडेच लागतात: दोघांचं आधार आणि पॅन. दोन साक्षीदारही आपापलं आधार घेऊन तयार ठेवा.

नोंदणी दोन तऱ्हेने होते. दोघांनी दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ई-नोंदणी करायची. ई-नोंदणीत घराचा पत्ता, किराया, डिपॉझिट, मुदत आणि अटी भरल्या की मसुदा तयार होतो. तो नीट वाचा. वीज सबमीटरने की ठरावीक रकमेत, बोअरचं पाणी किती वेळ, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे शब्दांत लिहून घ्या. मग कॅमेऱ्यासमोर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. शेतात, बांधकामावर राबलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत. हात धुऊन कोरडे करून दुसरं बोट लावून पाहा. तरी जमलं नाही तर कार्यालयात जाऊन नोंदणी करा.

खर्चाचा हिशेब असा: मुदतीतला एकूण किराया आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेली रक्कम, यांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. किराया 4000, डिपॉझिट 10000, मुदत अकरा महिने असेल तर 44000 अधिक 917, म्हणजे शुल्क साधारण 112 रुपये. नोंदणी फी ग्रामीण हद्दीत 500, महानगरपालिका हद्दीत 1000. दस्त हाताळणीचा आकार वेगळा. ई-नोंदणी केंद्रावरून करून घेतली तर केंद्रवाल्याला त्याची मजुरी द्या, पण पैसे भरल्याच्या सरकारी चलनाची प्रत मागून घ्या. खर्च कोण करणार हे आधीच ठरवा; अर्धा-अर्धा करतात बरेच जण.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. नोंदणी झाली की प्रत स्वतःच्या मोबाईलवर उतरवून घ्या, एक छापून आईबापांकडे गावी ठेवा. आधारमधला पत्ता बदलायला हीच प्रत कामी येते. घरमालकाने किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यायची असते, तेव्हा एक फोटो आणि आधारची झेरॉक्स त्याच्याजवळ देऊन ठेवा.

डिपॉझिट मात्र शक्यतो रोख देऊ नका. खात्यावरून पाठवा आणि तो व्यवहार क्रमांक करारातच लिहून घ्या.