समुद्रातला विरघळलेला काळा कार्बन सगळा नद्यांनी आणलेला नाही

जंगलं जळतात, कोळसा मातीत मुरतो, पावसाच्या पाण्यात थोडाथोडा विरघळून नदीत येतो आणि नदी तो समुद्रात नेते. समुद्रातल्या विरघळलेल्या काळ्या कार्बनची, म्हणजे जळण्यातून उरलेल्या कार्बनची, ही गोष्ट बरीच वर्षं सांगितली जाते. अर्धी खरीच आहे. नद्या दरवर्षी असा सुमारे २.६५ कोटी टन कार्बन समुद्रात सोडतात, असा २०१३ चा अंदाज आहे. गडबड पुढच्या वाक्यात होते: ‘म्हणजे समुद्रातला सगळा तिथूनच आला.’

२०१९ मध्ये संशोधकांनी नदीतल्या आणि समुद्रातल्या काळ्या कार्बनमधलं कार्बन-१३ चं (कार्बनच्या किंचित जड प्रकाराचं) प्रमाण ताडून पाहिलं. समुद्रातल्या नमुन्यांत ते हजारी सुमारे ६ ने जास्त निघालं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या हिशेबात ही तफावत भलतीच मोठी. नदीचाच माल असता तर ठसा जुळायला हवा होता. मग नदीचा माल जातो कुठे? काही उन्हातच मोडतो. सूर्यप्रकाश हे रेणू तोडतो.

खरी मेख मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाण्यातून वेगळे काढलेले सेंद्रिय पदार्थ नायट्रिक आम्लात तापवतात. एकमेकांना जोडलेली कार्बनच्या अणूंची गोल कडी तुटतात, त्यातून बेन्झिनची (सहा कार्बनच्या एकेकट्या कड्याची) आम्लं मिळतात आणि ती मोजून काळा कार्बन किती ते ठरवतात. आता ही आम्लं कडी होती एवढंच सांगतात, आग लागली होती का ते नाही! त्यामुळे हवेतून पडणारी काजळी, तळातून झिरपणारं खनिज तेल, अगदी समुद्रातच आगीविना तयार झालेले रेणू, हे सगळेच संशयित आहेत. कुणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे.