प्रगत दुचाकीस्वारी प्रशिक्षण (ब्रिटन)

पक्के लायसन्स हातात पडल्यावर मोटरसायकलस्वाराने स्वखुशीने घ्यायचे पुढचे शिक्षण. नाव ऐकून गुडघा जमिनीला टेकवून वळणे घेणारे स्वार डोळ्यांसमोर येतात, पण इथे कस लागतो तो नजरेचा.

ब्रिटनमध्ये या शिक्षणाचे मूळ पोलीस खात्यात आहे. १९३० च्या दशकात लंडनच्या पोलिसांनी हेंडन येथे चालकांची शाळा काढली. तिथे रुजलेली पद्धत पुढे ‘रोडक्राफ्ट’ या पोलिसांच्या पाठ्यपुस्तकात आली. मोटरसायकलसाठी त्याचे वेगळे पुस्तक आहे. १९५६ साली स्थापन झालेली आणि आज ‘आयएएम रोडस्मार्ट’ म्हणून ओळखली जाणारी संस्था, तसेच अपघात टाळण्यासाठी काम करणारी ‘रोस्पा’, हेच शिक्षण सामान्य स्वारांना देतात. रोस्पाच्या परीक्षेत सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा श्रेणी असून दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण चुकीच्या सवयी आपल्याला नकळत लागतात.

पद्धतीचा क्रम ठरलेला आहे: माहिती, रस्त्यावरची जागा, वेग, गिअर आणि मग ॲक्सिलरेटर. यातली माहिती शेवटपर्यंत गोळा करत राहायची असते. घरांबाहेर कचऱ्याचे डबे काढून ठेवलेले दिसले, की पुढे कचऱ्याची गाडी उभी असेल असे धरून चालायचे. डिझेलचा वास आला, की रस्ता निसरडा समजायचा. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. तो जवळ येऊ लागला तर वेग उतरवायचा, दूर पळू लागला तर हलके ॲक्सिलरेटर द्यायचे. जेवढा रस्ता मोकळा दिसतो तेवढ्यात आपल्या बाजूला थांबता आले पाहिजे, हा मूळ नियम. ब्रिटिश वाहतूक संहितेनुसार ताशी ३० मैलांना थांबायला २३ मीटर लागतात, ६० मैलांना ७३. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून जास्त.

शिकवणाऱ्याचे काम अवघड आहे. तो बहुतेक वेळ दुसऱ्या मोटरसायकलवर मागून येतो. गाडीतल्या शिक्षकासारखा ब्रेक त्याच्या पायाखाली नसतो. दोन्ही संस्थांकडे स्वयंसेवक असतात. त्यातला चांगला माणूस चहाच्या टपरीसारख्या एखाद्या थांब्यावर हेल्मेट काढून आधी विचारतो, “त्या वळणावर तुला काय दिसलं?” चूक तो मागाहून सांगतो. पैसे घेऊन शिकवणाऱ्यांसाठी सरकारची वेगळी नोंदवही आहे. तीत नाव लागण्यासाठी लेखी परीक्षा, स्वतःच्या स्वारीची परीक्षा आणि शिकवण्याची परीक्षा अशा तिन्ही द्याव्या लागतात. उत्तम चालवणारा उत्तम शिकवेलच असे नाही, हे त्यात मान्य केलेले आहे.

आपल्याकडे आरटीओत आठचा आकडा काढला, की पुढचे शिक्षण बहुतेकांचे रहदारीतच होते. २०२२ साली भारतात रस्त्यावर मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. ब्रिटनमध्येही वाहने डावीकडूनच चालतात, म्हणून तिथले जागेचे नियम ताम्हिणीत किंवा आंबोलीत जसेच्या तसे लागू पडतात. डाव्या वळणाला पुढचे लांबपर्यंत दिसावे म्हणून मधल्या रेषेकडे सरकायचे, उजव्या वळणाला डाव्या कडेकडे. पण समोरून एसटी रेषा ओलांडून येताना दिसली, की ही जागा सोडून तात्काळ डावीकडे यायचे. तिथे नीट दिसण्यापेक्षा सुरक्षितता आधी.