कर्जमाफी आणि कर्ज निर्लेखन : देणे कोणाचे फिटते, कोणाचे नाही

‘बँकांनी उद्योगपतींचे इतके कोटी माफ केले, मग शेतकऱ्यांचे का नाही?’ हा सवाल दर अधिवेशनात कानावर येतो. त्यातला राग रास्त आहे. मात्र उद्योगपतींच्या बाबतीत जो आकडा सांगितला जातो तो बहुधा माफीचा नसतो, निर्लेखनाचा असतो. बँकेत त्याला सगळे राइट-ऑफ म्हणतात.

हप्ता 90 दिवस थकला की कर्ज अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरते. (पीक कर्जाला मोजमाप हंगामाचे : कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक.) तिथून बँकेला, कर्ज बुडालेच तर म्हणून, आपल्या नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. समजा 10 लाखांचे कर्ज आहे आणि तारण पुरेसे आहे. पहिल्या वर्षी 15 टक्के म्हणजे दीड लाख, पुढच्या वर्षी एकूण अडीच लाख, त्यानंतरची दोन वर्षे चार लाख आणि मग पूर्ण दहा. चार वर्षांत संपूर्ण रकमेची तरतूद झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढतात. हेच निर्लेखन. ताळेबंद स्वच्छ दिसतो, करात वजावट मिळते. कर्जदाराचे देणे मात्र तसूभरही कमी होत नाही. कर्जवसुली न्यायाधिकरण, तारणाचा लिलाव, जामीनदारावरचा दावा, सगळे चालूच राहते.

कर्जमाफीत उलट घडते. सरकार बँकेला पैसे देते आणि कर्जदार मोकळा होतो. 2008 च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याची पात्र थकबाकी पूर्ण माफ होती. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याने 75 टक्के भरले तर 25 टक्के सूट. महाराष्ट्राच्या 2019 च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत 30 सप्टेंबर 2019 रोजी मुद्दल-व्याजासह दोन लाखांपर्यंत थकलेले खाते बसत होते. एक लाख नव्वद हजार थकलेला सुटला, दोन लाख दहा हजारवाला यादीबाहेर राहिला.

अशा काटेकोर रेषा शेतकऱ्याला जाचतात, संशोधकाला मात्र उपयोगी पडतात. दोन हेक्टरांच्या किंचित आत आणि किंचित बाहेर असलेली कुटुंबे एरवी सारखीच. फरक फक्त माफीचा. अर्थतज्ज्ञ मार्टिन कांझ यांनी 2008 च्या योजनेनंतर गुजरातमधल्या अशा कुटुंबांची तुलना केली. कर्ज उतरले म्हणून शेतीत गुंतवणूक किंवा उत्पादकता वाढलेली दिसली नाही. नव्या कर्जासाठी बँकेऐवजी खासगी सावकाराकडे झुकणे मात्र दिसले. हाविएर जिने यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, माफीचा वाटा जास्त असलेल्या जिल्ह्यांतून नवे कर्ज इतरत्र सरकल्याचे आणि निवडणुकीच्या आसपास थकबाकी वाढल्याचे आढळले. म्हणजे माफीने कर्जदाराची अपेक्षा बदलते, आणि बँकेचीही.

‘निर्लेखन म्हणजे निव्वळ हिशेबाची नोंद’ हे बँकांचे उत्तरही अर्धेच आहे. निर्लेखित कर्जाची वसुली थोडीच होते, आणि सरकारी बँकांची खालावलेली भांडवली बाजू सावरायला 2017 मध्ये 2.11 लाख कोटींची पुनर्भांडवल योजना जाहीर करावी लागली. करदात्याचा पैसा तिथेही गेला, फक्त मागच्या दाराने. शिवाय उद्योगांना खरी सूट मिळते ती तडजोडीत किंवा दिवाळखोरी संहितेखालच्या कर्ज-निराकरणात. तिथे बँक रकमेचा काही भाग खरोखरच सोडून देते. तुलना करायचीच तर माफीची या सुटीशी करावी.

कर्जदाराने काय तपासावे? क्रेडिट अहवालात ‘रिटन-ऑफ’ दिसले तर देणे शिल्लक आहे. ‘सेटल्ड’ म्हणजे कमी रकमेवर तडजोड झाली, आणि पुढचा बँकवाला त्यावर बोट ठेवणारच. माफी मिळाली तर यादीत नाव असणे पुरत नाही. 2019 च्या योजनेत विशिष्ट क्रमांक घेऊन आधार प्रमाणीकरण झाल्यावरच रक्कम खात्यात जमा होत होती. ती जमा झाल्यावर बँकेकडून किंवा विकास सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यावा आणि तो तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर अधिकारातला बोजा उतरवून घ्यावा. पुष्कळांचा तो वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि जमीन विकताना किंवा नवे कर्ज काढताना आडवा येतो.

माफीची नुसती चर्चा सुरू असताना हप्ता थांबवणे सर्वांत महागात पडते. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची 3 टक्के सवलत मिळून व्याज 4 टक्क्यांवर येते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्यावर जाते. मुदत टळली की दोन्ही जातात, खाते थकीत होते आणि पुढच्या खरिपाचे कर्ज अडते. घोषणा झालीच, तरी तिची कट-ऑफ तारीख बहुतेक वेळा मागची असते. त्यानंतर थकवलेला हप्ता तिच्यात बसत नाही.