जॉर्जटाउन २००४: खुर्ची वडिलांची, तालीम दुसऱ्या गुरूची

अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या बास्केटबॉलचा विषय निघाला की २००४ सालची नेमणूक एका वाक्यात आटोपली जाते. संघ घसरला, प्रशिक्षक गेले आणि संघाचे जुने नामवंत प्रशिक्षक थोरले जॉन थॉम्पसन यांचा मुलगा वडिलांच्या खुर्चीत बसला. वाक्य खोटं नाही, पण मुख्य गोष्ट त्यात झाकली जाते. खुर्ची वडिलांची होती, विद्या वडिलांची नव्हती. पुढच्या तेरा वर्षांतलं यश आणि अपयश दोन्ही समजून घ्यायचं तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो.

थोरल्या जॉन थॉम्पसन यांची कारकीर्द सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. १९७२ मध्ये त्यांच्या हाती आलेला संघ आदल्या हंगामात ३ सामने जिंकून २३ हरला होता. १९८४ मध्ये त्याच जॉर्जटाउनने ह्यूस्टनला ८४-७५ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकन महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या, पहिल्या श्रेणीत असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पुढे एनबीएत गाजलेले युइंग, मोर्निंग, मुटोम्बो, आयव्हर्सन हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले. खांद्यावर पांढरा टॉवेल, मैदानभर दाबून धरणारा डिफेन्स आणि समोरच्याला श्वास घेऊ न देणारा खेळ ही त्यांची ओळख. जानेवारी १९९९ मध्ये भर हंगामात त्यांनी घरगुती कारणाने राजीनामा दिला. त्यांच्या नावावर ५९६ विजय होते.

संघ मग त्यांच्याच जुन्या सहायकाकडे गेला. २००१ मध्ये जॉर्जटाउन दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोहोचलं, पण त्यानंतर उतरण लागली. २००३-०४ चा हंगाम १३ विजय आणि १५ पराभवांवर संपला. बिग ईस्ट या आपल्या लीगमध्ये सोळापैकी फक्त चार सामने हाती लागले. मार्चमध्ये त्या प्रशिक्षकांना निरोप देण्यात आला आणि एप्रिलमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाहून हा मुलगा, जॉन थॉम्पसन तिसरे, आले. (नावात ‘तिसरे’ असलं तरी बास्केटबॉलची ही दुसरीच पिढी. आजोबा कष्टकरी होते, खेळाशी त्यांचा संबंध नव्हता.)

घराणेशाहीचा आरोप तेव्हाही झाला, आजही होतो. आपल्याकडे घराणं आणि घराणेशाही हे दोन शब्द शेजारी राहतात आणि अर्थाने फार लांब असतात, इथे तो फरक नीट कामी येतो. गायकाच्या मुलाने दुसऱ्याच घराण्याची तालीम घ्यावी, तसं या मुलाचं झालं. वडील जॉर्जटाउनमध्ये शिखरावर असताना तो १९८४ ते १९८८ प्रिन्स्टनमध्ये प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्याकडे खेळला. १९९५ मध्ये तिथेच सहायक म्हणून परतला, २००० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि चार वर्षांत तीनदा आयव्ही लीगचा (प्रिन्स्टनसारख्या जुन्या विद्यापीठांच्या लीगचा) विजेता ठरला, त्यात एकदा विजेतेपद वाटून. नुसतं आडनाव घेऊन आलेल्या माणसाची ही वाटचाल नव्हे.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्याने सगळ्यात जास्त घोळ घातला: ‘प्रिन्स्टन ऑफेन्स’. बहुतेकांच्या डोक्यात त्याचा अर्थ ‘संथ खेळ’ असा बसला आहे. चेंडू फिरवत राहायचं, घड्याळ संपवायचं, सामना कमी गुणांत उरकायचा. कॅरिल यांच्या संघाकडे उंच, वेगवान खेळाडू येत नसत, आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीही नसते, म्हणून त्यांना संथ खेळणं भाग होतं. संथपणा ही त्यांची गरज होती. पद्धतीचा गाभा वेगळाच आहे.

तो गाभा १९९६ च्या एका क्षणात दिसतो. राष्ट्रीय स्पर्धा, समोर गतविजेतं यूसीएलए विद्यापीठ, गुण ४१-४१, शेवटचे काही सेकंद. प्रिन्स्टनचा सेंटर, म्हणजे एरवी बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू, बास्केटखाली नाही, फ्री थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घेऊन उभा आहे. त्यामुळे बास्केटखालची जागा मोकळी. बाजूचा खेळाडू बाहेरच्या दिशेने पास मागायला आल्यासारखं करतो, त्याच्यावरचा डिफेंडर पास तोडायला पुढे झुकतो, आणि तेवढ्यात हा उलट वळून त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धावतो. जमिनीवर एक टप्पा खाऊन पास त्याच्या हातात येतो. बोर्डाला लागून चेंडू आत. ४३-४१. यालाच बॅकडोर म्हणतात. डिफेंडर जितका आक्रमक, तितका तो फसतो. म्हणजे थोरल्या थॉम्पसन यांनी ज्या प्रकारच्या डिफेन्सवर नाव कमावलं, बरोबर त्याच डिफेन्सचा हा उतारा आहे. १९८९ मध्ये त्यांनी तो स्वतः सोसला होता. पहिल्या मानांकनाचं जॉर्जटाउन सोळाव्या मानांकनाच्या प्रिन्स्टनपुढे मध्यंतराला २१-२९ असं मागे होतं आणि शेवटी ५०-४९ असं कसंबसं सुटलं. तेही मोर्निंगने अखेरच्या क्षणी फटके अडवले म्हणून.

मुलाने ही पद्धत जॉर्जटाउनमध्ये आणली ती मोठ्या हाडाच्या खेळाडूंसाठी. सात फूट दोन इंचांचा रॉय हिबर्ट फ्री थ्रो रेषेपाशी उभा राहून पास देतोय, जेफ ग्रीन कुठूनही खेळ मांडतोय, हे दृश्य नवीन होतं. याला निव्वळ प्रिन्स्टनची नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जानेवारी २००६ मध्ये अव्वल क्रमांकाच्या ड्यूकला याच संघाने ८७-८४ हरवलं. संथ खेळाचे हे आकडे नव्हेत.

मार्च २००७ हा या कथेचा कळस. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत, म्हणजे फायनल फोरमध्ये, जाण्यासाठी गाठ नॉर्थ कॅरोलायनाशी. १९८२ मध्ये जॉर्डनच्या फटक्यावर थोरल्या थॉम्पसन यांचं विजेतेपद ६३-६२ असं हुकलं, तोच हा प्रतिस्पर्धी. उत्तरार्धात जॉर्जटाउन बरंच मागे होतं. शेवटच्या मिनिटात जोनाथन वॉलेसच्या तीन गुणांच्या फटक्याने ८१-८१ झाले आणि जादा वेळेत जॉर्जटाउनने १५ गुण केले, समोरच्यांनी ३. निकाल ९६-८४. या संघात युइंगचा मुलगाही होता. १९८५ नंतर प्रथमच जॉर्जटाउन फायनल फोरमध्ये गेलं. अटलांटात ओहायो स्टेटकडून ६०-६७ ने हार झाली, पण दोघांनीही संघ तिथवर नेला अशी बापलेकाची ती पहिलीच जोडी ठरली.

त्यानंतरचा काळ लोकांना फक्त मार्चमधल्या पराभवांमुळे आठवतो. २००८ मध्ये स्टेफ करीचं डेव्हिडसन, २०१० मध्ये चौदावं मानांकन असलेलं ओहायो, २०११ मध्ये व्हीसीयू, २०१२ मध्ये एनसी स्टेट. २०१३ मध्ये तर पंधराव्या मानांकनाच्या फ्लोरिडा गल्फ कोस्टने ७८-६८ असं घरी पाठवलं. पाचही वेळा समोरचा संघ दहाव्या किंवा त्याहून खालच्या मानांकनाचा. हे लपवण्यासारखं नाही आणि त्याचा दोष प्रशिक्षकाकडे जातोच.

पण त्याच २०१३ च्या उन्हाळ्यात जुनी बिग ईस्ट फुटली, याचं वजन फार कमी लोक मोजतात. अमेरिकन फुटबॉलच्या पैशामागे सिरॅक्यूस आणि पिट्सबर्ग निघून गेले. जॉर्जटाउन फुटबॉलवर न जगणाऱ्या कॅथलिक विद्यापीठांबरोबर नव्या रचनेत राहिलं. थोरल्या थॉम्पसन यांनी ज्या वैरांवर संघ उभा केला, ती वैरं वेळापत्रकातूनच विरळ झाली. खेळाडू आणताना मुलाजवळ सांगायला उरलं ते वडिलांचं नाव. आणि वडील कुठे दूर गेले नव्हते. सरावाला येत, सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत मागे बसत.

२०१५-१६ मध्ये १५ विजय आणि १८ पराभव, पुढच्या वर्षी १४ आणि १८. घरच्याच प्रेक्षकांतून प्रशिक्षकाला काढा अशा घोषणा उठल्या. २३ मार्च २०१७ रोजी २७८ विजयांनंतर जॉन थॉम्पसन तिसरे यांना दूर करण्यात आलं.

काहीच दिवसांत त्यांच्या जागी पॅट्रिक युइंग आले. म्हणजे निवड पुन्हा त्याच अंगणात झाली, फक्त मुलाऐवजी लाडका शिष्य. ऑगस्ट २०२० मध्ये थोरले थॉम्पसन गेले. त्यानंतरच्या मार्चमध्ये युइंगच्या संघाने बिग ईस्टचा चषक उचलला आणि लगेच पुढच्या हंगामात त्याच लीगमध्ये एकोणीसच्या एकोणीस सामने गमावले. २०२३ मध्ये एड कूली आले. १९७२ नंतर प्रथमच जॉर्जटाउनचा प्रशिक्षक थॉम्पसन यांचा मुलगा, शिष्य किंवा सहायक नव्हता. कूली आले प्रॉव्हिडन्सहून, जिथे थोरले थॉम्पसन स्वतः विद्यार्थी म्हणून खेळले होते.