क्रॅटम : वापरातील वैद्यकीय गुंतागुंत

क्रॅटम (मित्रगायना स्पेसिओसा) हा आग्नेय आशियातील, कॉफीच्या रुबिएसी कुळातला वृक्ष. थायलंड-मलेशियातील कष्टकरी थकवा घालवण्यासाठी त्याची ताजी पाने चघळत आले आहेत. वेदनाशामक गोळ्यांना किंवा हेरॉइनला ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणून विकली जाणारी भुकटी, कॅप्सूल आणि अर्क यांची मात्रा मात्र त्या पानांपेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

पानांतील मित्रगायनीन आणि यकृतात त्यापासून बनणारे ७-हायड्रॉक्सिमित्रगायनीन ही अल्कलॉइडे (वनस्पतिजन्य क्रियाशील द्रव्ये) मॉर्फीनच्याच ग्राहींवर, म्हणजे पेशींवर ते जिथे जोडले जाते त्या जागांवर, काम करतात. त्यामुळे वेदना कमी होते, अफूची तलफ शमते. त्यामुळेच सवयही जडते. नियमित घेणाऱ्याने ते एकाएकी सोडले, तर अंगदुखी, जुलाब, निद्रानाश आणि तगमग सुरू होते. गरोदरपणी घेतल्यास नवजात बाळातही अशी लक्षणे आढळली आहेत.

यकृताची इजा विशेष फसवी. वापर सुरू केल्यापासून काही आठवड्यांत खाज, गडद लघवी व कावीळ दिसते. क्रॅटम थांबवल्यावर बहुतेक रुग्ण सुधारतात, पण कारण वेळेवर कळायला हवे. झटके येणे आणि हृदयाची लय बिघडणे यांच्याही नोंदी आहेत.

सर्वांत मोठा धोका मिश्रणात आहे. मित्रगायनीन यकृतातील सीवायपी२डी६ हे औषधांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) रोखते, त्यामुळे इतर कित्येक औषधे रक्तात साचतात. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य औषधे सोबत असतील तर श्वास मंदावतो. अमेरिकेत जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ या काळातील २७,३३८ अतिमात्रा-मृत्यूंच्या पाहणीत १५२ जणांच्या शरीरात क्रॅटम सापडले; त्यांपैकी ९१ मृत्यूंच्या कारणांत त्याची गणना झाली. बहुतेकांच्या शरीरात इतर पदार्थही होते. स्वीडनमध्ये ‘क्रिप्टॉन’ नावाच्या मिश्रणाने ९ बळी घेतले, तेव्हा त्यात क्रॅटमसोबत ओ-डेसमिथाइलट्रॅमाडॉल, म्हणजे ट्रॅमाडॉल या वेदनाशामकापासून शरीरात बनणारे क्रियाशील द्रव्य, मिसळलेले आढळले. पाकिटावर त्याचा उल्लेख नसेल, तर ग्राहकाने सावध राहायचे कसे? २०१८ साली क्रॅटममधून पसरलेल्या साल्मोनेला संसर्गाने अमेरिकेत १९९ जण आजारी पडले.

श्वास मंदावलेल्या रुग्णाला नॅलोक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारे औषध देतात. सवय सोडवताना ब्युप्रेनॉर्फिन या अफूच्या व्यसनावरील औषधाचा उपयोग झालेला आहे. लघवीच्या नेहमीच्या अमली पदार्थ तपासणीत क्रॅटम दिसत नाही. अनेक जण वेदनेतून किंवा जुन्या व्यसनातून सुटण्यासाठीच ते घेतात आणि संकोचापोटी लपवतात. म्हणून डॉक्टरांनी दोष न देता, नाव घेऊन त्याविषयी विचारणे आवश्यक ठरते.