पार्श्वभूमी : रॉकीजच्या पट्ट्यात चढाईच्या जागा कशा ठरत गेल्या

युटा, आयडाहो, वायोमिंग, कोलोरॅडो आणि नेवाडा या राज्यांत चढण्याजोगा कातळ मुद्दाम शोधावा लागत नाही. सॉल्ट लेक सिटीतून निघालेली गाडी तासाभराच्या आत ग्रॅनाइटपाशी पोहोचते. शोध घ्यावा लागतो तो जमिनीचा: कातळ कोणाच्या हद्दीत उभा आहे आणि त्या मालकाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत काय काय ठरवून ठेवले आहे. नेवाडाची सुमारे ८० टक्के, युटाची ६३ टक्के, आयडाहोची ६२ टक्के आणि वायोमिंगची जवळपास निम्मी जमीन केंद्र सरकारकडे आहे. पण सरकार म्हटले तरी मालक अनेक. वनखात्याचे नियम वेगळे, राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या खात्याचे वेगळे आणि उरलेल्या माळरान-वाळवंटाची व्यवस्था पाहणाऱ्या भूव्यवस्थापन खात्याचे आणखी वेगळे. सरकारी नकाशावर वनखात्याची जमीन हिरवी, भूव्यवस्थापन खात्याची पिवळी, राज्याची निळी आणि खासगी पांढरी दाखवतात. नवी दरी दिसली की इथला जाणता क्लाइंबर आधी हे रंग तपासतो, दोर नंतर काढतो.

शिखरांचा काळ थोडक्यात सांगता येईल. ग्रँड टिटॉनच्या माथ्यावर १८९८ मध्ये माणसे पोहोचली. त्याआधी १८७२ मध्ये कोणी पोहोचले होते का, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या विषयाला जास्त जवळचे वर्ष १९६०. लाँग्स पीकची ‘डायमंड’ ही पूर्वेकडची सरळसोट भिंत उद्यान प्रशासनाने तोवर चढाईला बंद ठेवली होती, ती त्या वर्षी खुली झाली. म्हणजे परवानगीचा प्रश्न चॉक (हाताला लावायची पांढरी पूड), बोल्ट (खडकात छिद्र पाडून बसवलेली, दोर अडकवायची धातूची खुंटी) आणि पार्किंगच्या भांडणांहून जुना आहे.

बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या शिळा चढण्याची, सुरुवात मात्र कोणाच्या नजरेत भरली नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात टिटॉनच्या पायथ्याशी, जेनी लेकजवळच्या शिळांवर एक जिम्नॅस्ट तरुण हाताला मॅग्नेशियमची पूड लावून चढू लागला. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला. मोठ्या भिंतीचा सराव म्हणून त्या शिळा वापरण्याची पद्धत आधीपासून होती. शिळा हेच ध्येय मानणारा तो पहिल्या काहींपैकी एक. साठच्या दशकाच्या अखेरीस कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सजवळ, हॉर्सटूथ जलाशयाच्या काठच्या वालुकाश्मावर त्याने केलेल्या चढाया आजही लोक मुद्दाम जाऊन करून पाहतात. त्यानंतरची दोन दशके बोल्डरिंग मूठभरांपुरतेच राहिले. ते पसरले १९९०च्या दशकात, दोन कारणांनी. खाली टाकायच्या गाद्या बाजारात आल्या, आणि टेक्ससमधल्या ह्युको टँक्सच्या मार्गदर्शिकेतून १९९१ मध्ये व्ही श्रेणी छापून आली. एखादी शिळा किती अवघड आहे हे आता अनोळखी माणसाला आकड्यात सांगता येऊ लागले, आणि केवळ शिळांसाठी प्रवास करणे अर्थपूर्ण झाले.

युटातली जोज व्हॅली त्या दशकाचीच. एमरी काउंटी हा कोळसा खाणींचा आणि वीज केंद्रांचा मुलूख. तिथल्या ऑरेंजव्हिल गावाबाहेरच्या दरीत रस्त्याकडेला वालुकाश्माच्या शिळा पडलेल्या आहेत. चढणारे येत राहिले, गावातल्या किराणा दुकानातले डोनट त्यांच्यात प्रसिद्ध झाले, आणि कोळशाचा आधार डळमळू लागल्यावर काउंटीनेही या पाहुण्यांकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. या जागेचा एक नियम कोणत्याही फलकापेक्षा महत्त्वाचा आहे: पाऊस झाल्यावर वालुकाश्म आतून वाळेपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, चढायचे नाही. ओला वालुकाश्म वरून कोरडा दिसतो आणि हातात तुटून येतो. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर हात बसलेल्या आणि नोकरीनिमित्त डेन्व्हर किंवा सॉल्ट लेकला आलेल्या मराठी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तिथली तुटलेली पकड पुन्हा येत नाही, आणि तिच्याबरोबर कोणाची तरी आवडती चढाईही जाते.

‘चांगला कातळ’ कशाला म्हणायचे, हेसुद्धा दर पिढीत बदलले आहे. युटातल्या इंडियन क्रीकच्या एकसारख्या रुंदीच्या उभ्या भेगा हजारो वर्षे तिथेच होत्या. १९७८ मध्ये भेगेत बसवून दोर अडकवायची, स्प्रिंगवर उघडमीट होणारी कॅमची साधने विकत मिळू लागली आणि त्या भेगा सामान्य क्लाइंबरच्या आवाक्यात आल्या. चुनखडक आणि डोलोमाइटचेही तेच. जुन्यांनी ठिसूळ म्हणून सोडून दिलेल्या भिंतींवर ऐंशीच्या दशकात वरून उतरत, बॅटरीवरच्या ड्रिलने बोल्ट बसवण्याची पद्धत आली. त्यातून युटातली अमेरिकन फोर्क दरी, कोलोरॅडोतले रायफल आणि शेल्फ रोड, वायोमिंगमध्ये लँडरजवळचे वाइल्ड आयरिस अशा जागा नकाशावर आल्या. इथूनच पुढच्या मोठ्या वादाचे बीज पडले.

तो वाद बोल्टचा, आणि त्याला इथे जरा जास्त जागा द्यावी लागेल, कारण या भागातल्या कितीतरी उत्तम भिंती त्याच्या निकालावर अवलंबून आहेत. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने निसर्गावस्थेत राखलेल्या क्षेत्रांत (त्यांनाच विल्डरनेस म्हणतात) रस्ता, मोटार, विमान उतरवणे, यंत्राची वाहतूक, बांधकाम आणि ‘इन्स्टॉलेशन’ (जागेवर बसवलेली वस्तू) या सगळ्यांना एकाच कलमात मनाई केली. शेवटच्या शब्दात काय काय येते ते कायद्यात सांगितलेले नाही. पिटॉन (भेगेत ठोकायचा धातूचा खिळा) आणि बोल्ट त्या काळीही या डोंगरांत होते. कायद्यात त्यांचे नाव नाही. पुढची तीस-एक वर्षे बहुतेक ठिकाणी कोणी विचारले नाही आणि चढणारे आपापल्या विवेकाने वागत राहिले. विल्डरनेसमध्ये मोटारीचे ड्रिल चालत नाही, त्यामुळे प्रत्येक बोल्ट हातोडीने, मनगट दुखेपर्यंत छिद्र पाडून बसवावा लागतो. संयमाची एवढी हमी बऱ्याच वर्षांना पुरली.

१९९८ मध्ये आयडाहोच्या सॉटूथ विल्डरनेससाठी वनखात्याने ठरवले की बोल्ट हे इन्स्टॉलेशनच आहे. त्याच उन्हाळ्यात ही बंदी देशभरच्या सगळ्या वन-विल्डरनेसना लागू झाली, आणि गदारोळ उठल्यावर ऑगस्टमध्ये स्थगित झाली. नंतर सर्व बाजूंना एकत्र बसवून नियम ठरवण्याचा प्रयत्न झाला; एकमत झाले नाही. बाकीच्या खात्यांनी आपापली वाट काढली. भूव्यवस्थापन खात्याने २००७ मध्ये बोल्टला वाव देणारी सूचना काढली. उद्यान खात्याने २०१३ मध्ये म्हटले की चढाई हा विल्डरनेसचा योग्य वापर आहे, क्वचित बसवलेला बोल्ट चालेल, बोल्टांची रांग चालणार नाही. वनखात्याचा देशव्यापी नियम मात्र आलाच नाही. म्हणजे एकाच कायद्याखाली वायोमिंगच्या विंड रिव्हरमधला क्लाइंबर एका खात्याच्या मौनावर चालत होता, तर लास वेगसजवळच्या रेड रॉकमधला दुसऱ्या खात्याच्या लेखी सूचनेवर.

नोव्हेंबर २०२३ मध्ये वनखाते आणि उद्यान खाते यांनी एकाच वेळी मसुदे प्रसिद्ध केले. दोन्हींचे म्हणणे असे: कायमस्वरूपी अँकर, म्हणजे बोल्ट-पिटॉनसारखे दोराचे पक्के आधार, हे इन्स्टॉलेशन आहे, म्हणून मुळात निषिद्ध, अपवाद हवा असेल तर अधिकाऱ्यांनी प्रत्येक प्रकरणी किमान गरजेची तपासणी करावी. मसुद्यांचे समर्थकही होते. जो तो स्वतःच्या मर्जीने भोके पाडू लागला तर विल्डरनेसला अर्थ काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त आहे. पण मसुदा लिहिताना कातळावरून खाली कसे यायचे याचा विचार कमी पडला होता. विंड रिव्हरमधल्या पिंगोरा सुळक्यावर किंवा सॉटूथमधल्या एलिफंट्स पर्चवर वादळ आले तर माणूस अँकरला दोर लावून उतरतो. तो अँकर जुना झाला तर बदलायला अर्ज, आणि अर्ज तपासायला माणूसबळ नसलेले कार्यालय. चार पावसाळे खाल्लेला गंजका बोल्ट सह्याद्रीच्या सुळक्यावर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या मुद्द्याचे गांभीर्य समजावून सांगायची गरज नाही. बोल्ट नसतील तेव्हा लोक खडकाभोवती पट्ट्यांची वेटोळी सोडून येतात; त्याने निसर्गाचे रूप अधिकच बिघडते.

हरकती-सूचनांची मुदत जानेवारी २०२४ मध्ये संपली. त्याच वर्षी उद्यान खात्याने आपला मसुदा पुढे न नेण्याचे ठरवले. ४ जानेवारी २०२५ रोजी मैदानी खेळ-छंदांविषयीच्या एका मोठ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. विल्डरनेसमध्ये अँकर बसवणे, वापरणे आणि त्यांची देखभाल करणे या गोष्टींना त्याने मान्यता दिली आणि खात्यांना १८ महिन्यांत मार्गदर्शक सूचना काढायला सांगितले. १९९८ मध्ये सॉटूथमध्ये अडकलेली गाठ देशपातळीवर पहिल्यांदा कायदेमंडळाने हातात घेतली.

परवानगी असणे आणि चढणे योग्य असणे यांतला फरक वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरवर सर्वांत स्पष्ट दिसतो. लाकोटांसाठी हा मातो तिपिला, अस्वलाचे घर. जून हा त्यांच्या आणि इतर काही जमातींच्या विधींचा महिना. १९९५ च्या आराखड्याने जूनभर चढू नका अशी विनंती केली आणि त्या महिन्यात व्यावसायिक गाइडांचे परवाने थांबवायचेही ठरवले. न्यायालयाने १९९६ मध्ये परवान्यांवरची बंदी अडवली, विनंती मात्र १९९८ मध्ये वैध ठरवली. पहिल्याच जूनमध्ये चढणाऱ्यांची संख्या चार-पंचमांशाहून अधिक घटली. पुढे ती थोडी वाढली, तरी ही विनंती बहुसंख्यांनी पाळली याचे मोल मोठे आहे. टाहो सरोवराच्या नेवाडाकडच्या काठावरच्या केव्ह रॉकवर उलट घडले. वाशो लोकांसाठी ती जागा पवित्र. तिथे आधी बोल्टांची दाटी झाली, मग २००३ मध्ये पूर्ण बंदीचा निर्णय झाला आणि २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. वेळीच थांबले असते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मते क्लाइंबर मंडळींनी स्वतःला विचारायला हवा.

कारण चुका थांबलेल्या नाहीत. २०१९ मध्ये वायोमिंगच्या टेन स्लीप दरीत खडक खोदून आणि डिंकाने जोडून पकडी ‘तयार’ केल्याचे प्रकरण चिघळले. कोणीतरी बोल्टांना कुलुपे घातली, पकडी बुजवल्या. जुलैत वनखात्याने नव्या मार्गांवरच बंदी आणली. २०२१ मध्ये मोआबच्या उत्तरेला एकाने हजार वर्षांच्या आसपास जुन्या कातळशिल्पांमध्ये बोल्ट ठोकले. ती कोणीतरी अलीकडे खरडलेली अक्षरे असावीत, असे त्याला वाटले होते. बोल्ट निघाले, माफी मागितली गेली, छिद्रे राहिली. या प्रदेशात नवी भिंत शोधणाऱ्याला पुरातत्त्वाची तोंडओळख लागतेच.

आयडाहोचे सिटी ऑफ रॉक्स याच चौकटीत पाहावे लागते. १८५२ या एका वर्षात तिथून सुमारे ५२ हजार स्थलांतरित कॅलिफोर्नियाकडे गेले आणि गाड्यांच्या आसाच्या वंगणाने कातळावर नावे लिहून गेले. १९८८ मध्ये ते राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाले. तिथे चढाईला मुक्त वाव आहे, पण ‘ट्विन सिस्टर्स’ हे जोडसुळके त्या जुन्या वाटेच्या दृश्याचा भाग म्हणून बंद आहेत, आणि क्षेत्राच्या आत आजही खासगी जमिनी आहेत. शेजारची कॅसल रॉक्स दीर्घकाळ एका खासगी कुरणात होती. २००३ मध्ये ती राज्य उद्यान म्हणून खुली झाली. सॉल्ट लेकच्या लिटल कॉटनवुड दरीत, ज्या ग्रॅनाइटमधून मॉर्मन मंदिर १८५३ ते १८९३ या काळात उभे राहिले, तिथली चर्चच्या मालकीची सुमारे १४० एकर जमीन स्थानिक क्लाइंबर संघटनेने २०१७ मध्ये भाडेपट्ट्यावर घेतली. नवा दगड हाती लागण्यापेक्षा असे करार मला जास्त मोलाचे वाटतात.

माहिती पसरण्याचा मार्गही बदलला आहे. पूर्वी ती दुकानातल्या वहीत, हाताने काढलेल्या आराखड्यांत आणि स्थानिकांच्या तोंडी असे. स्थानिक लपवाछपवी करत, आणि त्यात स्वार्थाइतकीच काळजी होती. पाच गाड्यांच्या जागेत पन्नास गाड्या उभ्या राहिल्या की जमीनमालक फाटक लावतो. २००५ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात सुरू झालेल्या, चढाईच्या मार्गांच्या ऑनलाइन सूचीने ते गणित मोडले. २०२० मध्ये ती सूची मोंटानातल्या एका कंपनीने घेतली. ही कंपनी मूळची शिकाऱ्यांना जमिनीच्या मालकीचे नकाशे फोनवर पुरवणारी, त्यामुळे कातळ आणि त्याचा सातबारा या दोन गोष्टी पहिल्यांदाच एका घरात आल्या.

मालकीच्या नकाशांचे महत्त्व वायोमिंगमध्ये अधिक जाणवते. १८६०च्या दशकात रेल्वेला एकाआड एक चौरस दिल्यामुळे तिथल्या मोठ्या पट्ट्यात सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी पसरली आहे. दोन सरकारी चौरस फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकतात. त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकून पलीकडे जाणे अतिक्रमण ठरते का, हा वाद एल्क माउंटनवर शिडी लावून गेलेल्या काही शिकाऱ्यांमुळे न्यायालयात पोहोचला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. या निकालाचा लाभ वायोमिंग, युटा आणि कोलोरॅडोतल्या भिंतींकडे जाणाऱ्या वाटांनाही मिळतो. आयडाहो, मोंटाना आणि नेवाडा मात्र वेगळ्या अपील न्यायालयाच्या कक्षेत येतात. तो निकाल तिथे बंधनकारक नाही.